खालच्या रेघेवरची खूण

महारुद्र कंडक्टरच्या तोंडात अडीच वर्षं केस उगवत होते. डाव्या गालातली गाठ काढली तेव्हा डॉक्टरांनी जबड्याची कड तासली आणि पडलेलं भगदाड बुजवायला छातीवरचं कातडं वळवून तिथं शिवलं. कातडं छातीचंच, त्यानं जागा बदलली, सवय बदलली नाही. दर पंधरा दिवसांनी सकाळच्या उन्हात अंगणात बाज टाकून महारुद्र तोंड उघडून बसायचा आणि त्याची बायको गीताबाई शिवणाच्या बारीक कात्रीनं ते केस कापायची. "हलू नका," ती म्हणायची. तो हलायचा नाही. डोळे मिटून घ्यायचा. पापण्यांवर ऊन, कानाशी कात्रीची कुचकुच आणि बायकोचा श्वास अगदी जवळ. ते दिवस त्याच्या मनात दुखण्याचे म्हणून राहिलेच नाहीत, त्या उन्हाचे म्हणून राहिले.

महारुद्र ताडकळसचा. परभणी डेपोत चोवीस वर्षं त्यानं तिकिटं फाडली. जिल्ह्यातला एकही फाटा त्याला परका नव्हता. कोणत्या गावाला पिंपळाखाली थांबा आहे, कुठं शाळेच्या भिंतीशी, कोणत्या वळणावर म्हातारी माणसं आधीच उठून दांडा धरतात, हे सगळं त्याच्या अंगात मुरलं होतं. आवाज असा, की मागच्या सीटवर पेंगणारा माणूसही आपल्या गावाचं नाव ऐकून धडपडत उठायचा. आणि त्या आवाजाच्या शेजारी, डाव्या गालात, पहाटे दाबलेली तंबाखूची चिमूट. ती दिवसभर बदलत राहायची, जागा मात्र तीच.

पहिल्या ऑपरेशननंतर तो कामावर परतला होता. पण करोनाच्या दुसऱ्या लाटेत, सगळे दरवाजे लागलेले असताना, दाढी करताना मानेत सुपारीएवढी गाठ हाताला लागली. संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी बोटांनी दाबून पाहिली आणि म्हणाले, "परत आलंय." मग पुन्हा ऑपरेशन, किमो आणि किरणांचे तेहेतीस शेक. शेकाच्या खोलीत चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवून तो टेबलाला घट्ट अडकवत. हलायचं नाही. महारुद्र डोळे मिटून मनातल्या मनात परभणी-जिंतूर गाडी काढायचा. झरी जायचं, बोरी यायचं आणि यंत्राची घरघर थांबायची. तेहेतीस दिवसांत जिंतूर एकदाही आलं नाही.

शेकांनी गालातले केस गळाले ते कायमचे. त्यांच्याबरोबर चव गेली, थुंकी आटली, तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना, आणि जबान अशी जड झाली की शब्द ओठाशी येईतो विरघळून जायचे. माणसं पुन्हा पुन्हा विचारायची, "काय म्हणलाव?" तिसऱ्यांदा कोणी विचारलं की महारुद्र हात हलवून विषय सोडून द्यायचा. नोकरी सोडली. खांद्याला पाण्याची बाटली, हातात दस्ती, ओठाचा कोपरा पुसायला. दुपारी बाजेवर पडला की अर्धवट झोपेत गाडी सुरू व्हायची. दोन्हीकडे पांढरा कापूस, मध्ये रस्ता, आणि त्याचा तो जुना आवाज, सबंध, गाडीच्या टपापर्यंत भरलेला. गीताबाईनं चहा आणून ठेवला की आवाज बंद व्हायचा.

अशी तीन-साडेतीन वर्षं गेली. मागच्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर तो तपासणीसाठी दवाखान्यात गेला होता. बाकावर नंबराची वाट बघत बसला असताना समोरच्या खोलीत एक तरुण डॉक्टर बाई फोनमागून फोन लावत होत्या. प्रत्येक नंबर एकतर बंद, नाहीतर भलत्याचाच.

"अहो, हे चारठाणा सेलू तालुक्यात येतं ना?" त्यांनी शेजारच्या क्लार्कला विचारलं.

"जिंतूर," महारुद्र बाकावरून म्हणाला.

त्यांनी मान वर केली. "काय म्हणालात?"

इथं विषय सोडून द्यायची त्याची सवय. पण गावाचं नाव चुकलं होतं. तो उठला, दारात गेला आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं करत म्हणाला, "चारठाणा. जिंतूर तालुका. जिंतूरच्या म्होरं, जालन्याच्या रोडला. जुनी देवळं हायत तिथं."

त्या डॉक्टर अर्पिता. तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर बरा होऊन पुन्हा उलटलेल्या त्रेसष्ट माणसांचा त्या अभ्यास करत होत्या. त्यांत महारुद्रही होता. त्यांनी महारुद्रला खुर्ची दिली आणि कागदावर एक गोल काढला.

"ही गाठीतली एक पेशी समजा, काका. आत हजारो जनुकं असतात. पण सगळी एकाच वेळी कामाला नसतात. काही जागी, काही झोपलेली. प्रत्येकाच्या गाठीचा तुकडा आम्ही मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलाय. त्यातून कोणती जनुकं जागी होती आणि किती जोरात काम करत होती, हे मोजता येतं."

"डेपोत गाड्या समद्या असतेत, रोडवर थोड्याच," महारुद्र म्हणाला.

"अगदी तसंच. ते मोजून झालंय. आता दुसरी बाजू पाहिजे. ज्यांची अमुक जनुकं जागी होती ती माणसं पुढं कशी राहिली? आज आहेत का? नसतील तर कधी गेली? हे कळल्याशिवाय त्या मोजण्याला अर्थ नाही. आणि इथंच गाडी अडलीय. परभणी जिल्ह्यातली अकरा माणसं फोनवर सापडतच नाहीत."

महारुद्रनं यादी हातात घेतली. अकरा नावं, अकरा गावं. नजर फिरवता फिरवता त्याला ती गावं दिसायलाच लागली, थांब्यासकट. "मी जातो की," तो म्हणाला.

"तुमची तब्येत?"

"मॅडम, चोवीस साल गाडीत उभा राहिलो. आता बसून जाईन."

दवाखान्यानं त्याला रीतसर कामावर घेतलं, माहिती कोणाला सांगायची नाही असं लिहून घेतलं आणि फॉर्मचा गठ्ठा दिला. फॉर्मवर नाव नव्हतं, फक्त आकडा. सगळ्यात वर दोन चौकोन होते: जिवंत, मृत.

पौषातल्या एका सकाळी तो चारठाण्याला उतरला. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. जुन्या देवळांचे दगड त्यातून हळूहळू बाहेर येत होते, आधी एक खांब, मग पायऱ्या, मग पायरीवर बसलेलं माणूस. घोंगडी पांघरलेलं, मान एका बाजूला ओढलेली. ती ओढलेली मान महारुद्रनं लांबूनच ओळखली. ज्याची मान उघडून पुन्हा शिवलीय त्यालाच ती तशी कळते.

"किशनराव?" त्यानं विचारलं.

"कोण गावचे पाहुणे?" म्हाताऱ्यानं विचारलं. अक्षरं अशी आली, की दुसऱ्या कोणाला नुसता वारा वाटला असता. महारुद्रला सगळं कळलं.

"ताडकळस. मोठ्या दवाखान्यातून आलोय. फोन लागना तुमचा."

"फोन हिरीत पडला. तवाचा घेतलाच न्हाई. लोकाला माझं बोलणं कळना, मला त्यायचं थांबणं बघवना. मग कामून घ्यायचा?"

दोघं पायरीवर बसले. किशनरावांची चाळीस एकर जमीन, दोन मुलं, भरलं घर. पण गेल्या चार वर्षांत एवढं बोलणं कोणाशी झालं नव्हतं. एक जण अर्धी जीभ घेऊन बोलत होता, दुसरा अर्धा गाल घेऊन. पाण्याची बाटली या हातातून त्या हातात जात होती. तिकडून किशनरावांची सून आली, थोडा वेळ ऐकत उभी राहिली आणि महारुद्रला म्हणाली, "मामंजी काय म्हणायलेत? मला तर एक शब्द उमगंना."

"म्हणायलेत, औंदा हुरडा लय गोड हाय, पण खाता येईना," महारुद्रनं एकेक अक्षर सुटं करत सांगितलं.

सून खळखळून हसली आणि घरी गेली. तासाभरानं तिनं दोन पेले आणले. कोवळा हुरडा मिक्सरमधून काढून, फडक्यातून गाळून, कोमट दुधात कालवलेला. महारुद्रची चव जाऊन चार वर्षं होत आली होती. पहिल्या घोटाला काही कळलं नाही. तिसऱ्या घोटाला जिभेच्या उजव्या कडेला काहीतरी हिरवं, गोडसर हललं आणि गेलं. खरं होतं की भास, त्याला ठरवता येईना. त्यानं पेला तळापर्यंत संपवला. ऊन खांबावरून उतरत उतरत त्यांच्या पायांपर्यंत आलं.

फॉर्मवर त्यानं पहिली खूण केली: जिवंत.

सगळ्या घरी असं झालं नाही. गंगाखेडच्या पलीकडे, गोदावरीच्या काठावरच्या एका गावात तो नर्मदाबाईंचं घर शोधत गेला. दारात त्यांची लेक चतुराबाई तूर निवडत बसली होती. नाव ऐकल्यावर तिचा हात सुपातच थांबला.

"आई गेली की. तुमाला कोणी सांगितलं न्हाई?"

"न्हाई," महारुद्र म्हणाला आणि खाली बसला.

जन्मभर मिसरी लावलेली बाई. दातांच्या मुळाशी झालं, काढलं, वर्षाच्या आत परत आलं. चतुराबाई सांगत गेली आणि तो ऐकत गेला. मग त्यानं तारीख विचारली. हे विचारणं त्याला सगळ्यात जड जायचं. चतुराबाईला तारीख ठाऊक नव्हती.

"गंगेला पाणी आलतं, लय पाणी आलतं. आणि पोळा होऊन चार दिस झालते. बैलाच्या शिंगाचा रंग तसाच होता. आई म्हणली, मला बाहेर न्या, रंग बघायचाय. आमी बाज उचलून अंगणात नेली. बैलाकडं बघता बघताच गेली ती. आमाला वाटलं, बघायलीय."

महारुद्रनं खिशातलं छोटं कॅलेंडर काढलं, पोळा शोधला आणि चार दिवस पुढं बोट नेलं. दुखणं परतल्यापासून अकरा महिने. त्यानं आकडा लिहिला. बैलाच्या शिंगांचा रंग लिहायला फॉर्मवर जागा नव्हती. परत येताना तो नदीच्या पुलावर थांबला. खाली गोदावरी मंद, पिवळट, दुपारच्या उन्हात झोपल्यासारखी वाहत होती. त्याला वाटलं, आपण या बाईला ओळखत होतो, कितीदा तरी गाडीत बसवलं होतं. कदाचित खरंच बसवलं असेल.

अकरांपैकी सात जण गेलेले निघाले. चार जिवंत. त्यातला शेवटचा पूर्ण्याचा सिद्धोधन.

सिद्धोधन रेल्वेत गेटमन होता. पूर्ण्याच्या वस्तीत त्याचं दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. महारुद्र गेला तेव्हा फेब्रुवारीचं ऊन चांगलं तापलं होतं, तरी या माणसाच्या गळ्यात लोकरी मफलर.

"जय भीम," महारुद्र म्हणाला.

"जय भीम. बसा." आवाज घोगरा, पण शब्द स्पष्ट. त्याचं घशात होतं. महारुद्रनं मॅडमचं काम, मेणातले तुकडे, सगळं सांगितलं. "तुमच्या मॅडमला सांगा, सिद्धोधन जिवंत हाय. टिक करा आन् चहा घ्या."

महारुद्रनं टिक केली. पण त्याची नजर मफलरवरच होती. सिद्धोधनची बायको बबिता चहा घेऊन आली, तिनं ते पाहिलं आणि नवऱ्याच्या मागं उभं राहून स्वतःच्या मानेला हात लावून दाखवला. डोळे पाण्यानं भरलेले.

"मफलर काढा," महारुद्र म्हणाला.

"कामून?"

महारुद्रनं शर्टाचं वरचं बटण सोडलं आणि स्वतःची मान पुढं केली. कानापासून गळपट्टीपर्यंतचा व्रण, शेकानं काळवंडलेली कातडी. "माझी बघा. मग तुमची दावा."

बराच वेळ सिद्धोधन त्या व्रणाकडं बघत राहिला. मग त्यानं मफलर सोडला. लिंबाएवढी गाठ होती.

"तिसरी खेप हाय," तो म्हणाला. "आता पुन्हा चिरफाड नको. एकच सांगा. तुमी म्हणता, माझा तुकडा मेणात ठेवलाय, त्यातलं जागं-निजलेलं मोजलंय. मग माझं काय निघालं? जागी होती का झोपलेली?"

"मला ठाऊक न्हाई."

"मॅडमला?"

"त्यायलाबी एकट्याचं सांगता येत न्हाई म्हणतेत. समद्यांचं मिळून सांगता येतं."

"आमाला तर एकट्यालाच मरायचंय," सिद्धोधन म्हणाला आणि हसला. हसता हसता ठसका लागला.

दोन दिवसांनी महारुद्र स्वतः त्याला घेऊन संभाजीनगरला गेला. चिरफाड केली नाही. शरीराच्याच पहारेकरी पेशींना उठवणारं एक औषध थोड्या थोड्या मात्रेत सलाईनमधून द्यायचं ठरलं, महिन्यातून एकदा. दर खेपेला महारुद्र सोबत. बाटली थेंब थेंब उतरायची, खिडकीचे पडदे फुगायचे आणि दोघांचेही डोळे लागायचे. तिसऱ्या बाटलीनंतर गाठ बोराएवढी झाली. सिद्धोधननं मफलर टाकून दिला.

त्या उन्हाळ्यात महारुद्र आठवड्यातून एकदा तरी पूर्ण्याला जायचा. दुपारी स्टेशनवर एका टोकाच्या बाकावर दोघं बसायचे. रूळ उन्हात वितळल्यासारखे दिसायचे. सिद्धोधन डोळे मिटून बसायचा आणि गाडी दिसायच्या आधी सांगायचा, "अकोल्याकडून येयलीय. मालगाडी. रिकामी हाय." आणि खरंच रिकामी मालगाडी यायची. एरवी गप्प असणारा महारुद्र त्याला आपल्या फाट्यांच्या गोष्टी सांगायचा.  गाडी जायची, वाऱ्यानं अंगावर धूळ यायची, पुन्हा सगळं निवांत.

"मी गेटवर उभा राहून हजारदा बघितलंय," एकदा सिद्धोधन म्हणाला. "गाडी गेल्यावर थोडा वेळ असं वाटतं, गाडी न्हाई, आपणच पुढं चाललोय. गेट, झाड, खोली, समदं चालायलंय. भीती न्हाई वाटत. बेस वाटतं."

पावसाळा सरता सरता गाठ पुन्हा वाढली. औषध होतं तेच, पण आता ते लागू पडेना. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सिद्धोधन गेला. बबितानं फोन केला तेव्हा महारुद्र अंगणात होता.  संध्याकाळच्या आत तो पूर्ण्याला पोचला. तेराव्या-चौदाव्याची त्या घरात रीत नव्हती. भन्तेजींनी वंदना म्हटली, माणसं शांत बसून होती. सगळं आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी त्यानं फॉर्म काढला, फेब्रुवारीत केलेली टिक खोडली आणि तारीख लिहिली. एकोणतीस महिने.

डिसेंबरात अर्पिता मॅडमनी त्याला बोलावून घेतलं. "काका, झालं काम. तुमच्यामुळं झालं. या, दाखवते."

संगणकाच्या पडद्यावर दोन रेघा होत्या, एक निळी, एक तांबडी. दोन्ही डावीकडं वरून निघत आणि पायऱ्या पायऱ्यांनी खाली उतरत. निळी सावकाश उतरत होती, तांबडी भराभर.

"खाली महिने आहेत," मॅडम सांगू लागल्या. "दुखणं परतल्यापासूनचे. एक माणूस गेलं की रेघ एक पायरी उतरते. वरची रेघ त्यांची, ज्यांच्या गाठीत पहारेकरी पेशींची जनुकं जागी होती. खालची त्यांची, ज्यांच्यात ती झोपलेली आणि गाठ पसरवणारी जागी. फरक दिसतो ना? पुढं कोणाला कोणता इलाज द्यायचा हे ठरवायला याचा उपयोग होईल. अजून खूप लोकांवर तपासायला लागेल, पण सुरुवात झाली."

"आन् ह्या बारीक उभ्या खुणा?"

"ती आज जिवंत असलेली माणसं. जिथवर आपल्याला ठाऊक आहे तिथं खूण."

महारुद्र खुर्ची पुढं ओढून बसला. मॅडमना दिसत होत्या रेघा. त्याला दुसरंच दिसायला लागलं. तांबड्या रेघेवर अकरा महिन्यांपाशी एक पायरी. गोदावरीला आलेलं पाणी, अंगणात नेलेली बाज. निळ्या रेघेच्या अगदी शेवटाला, एकसष्टावर, एक उभी खूण. देवळाची पायरी, घोंगडी. त्याचं बोट निळ्या रेघेवरून मागं सरकलं आणि एकोणतिसावर थांबलं. पायरी होती. एकच. सिद्धोधन वरच्या रेघेवर होता.

मग त्यानं बोटांवर स्वतःचे महिने मोजले. करोनाच्या दुसऱ्या लाटेतला मार्च. पुढची चार वर्षं आणि नऊ महिने. सत्तावन्न.

निळ्या रेघेवर सत्तावन्नला काहीच नव्हतं. तो तांबडीवर आला. सगळ्या पायऱ्या उतरून ती रेघ जवळजवळ जमिनीला टेकली होती आणि तिथून एकटीच, सपाट, लांबवर गेली होती. तिच्या टोकाला एक खूण.

"मॅडम, हे कोण?"

"तेच तर कोडं आहे," त्या म्हणाल्या. "या गटातली बाकी सगळी माणसं तीन वर्षांच्या आत गेली. हा एक पेशंट राहिला. का, ते आम्हाला माहीत नाही. रेघा काढताना नावं आमच्यापुढं नसतात, नुसते आकडे."

"सत्तावन्न महिने," महारुद्र म्हणाला. "मोजा, मॅडम. माझं कधी उलटलं ते तुमाला ठाऊक हाय."

त्यांनी मोजलं. मग पुन्हा एकदा मोजलं. खिडकीबाहेर कोणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं, त्याची चाकं कुरकुरत लांब गेली.

"काका, मी हे तुम्हाला दाखवायला नको होतं. माझ्या लक्षातच आलं नाही, की तारखा तुम्हीच आणल्यात."

"दावलं ते बरं केलं."

"भीती वाटतेय का?"

महारुद्र बाटलीतलं पाणी प्याला आणि त्यानं दस्तीनं ओठ पुसला. अंगात एक हलकेपणा आला होता, तापातून उठल्यावर येतो तसा. त्या पडद्यावर जिथं कोणीच असायला नको तिथं तो होता, आणि त्याच वेळी खुर्चीत बसून तिकडं बघतही होता.

"ही रेघ जर मला तवाच दावली असती," तो सावकाश म्हणाला, "तर मी बाजेवरून उठलोच नसतो. आन् मग ह्या खुणा कोण करणार होतं?"

निघताना मॅडमनी विचारलं, जास्तीचं रक्त देता का, काही वेगळं सापडतं का बघू. त्यानं बाही वर केली.

परतताना तो पूर्ण्याला उतरला. बबितानं चहा दिला. माहिती कोणाला सांगायची नाही असं त्यानं लिहून दिलं होतं, आणि एवढ्या महिन्यांत तो शब्द त्यानं एकदाही मोडला नव्हता. पण सिद्धोधननं विचारलेलं त्याच्या पोटात तसंच होतं. शेवटी त्यानं सांगितलं. "त्यायची जागी होती, ताई. वरच्या रेघेत होते ते."

"म्हंजी चांगल्या?"

"व्हय."

बबिता तसबिरीकडं बघत राहिली. "मग गेले कामून, भाऊ?"

"मला ठाऊक न्हाई, ताई," महारुद्र म्हणाला.  चहावर साय आली. लांबून गाडीचा आवाज येत होता. कुठून येतेय, भरलेली की रिकामी, दोघांनाही सांगता आलं नाही.

घरी गीताबाईला त्यानं सगळं सांगितलं, कागदावर दोन रेघा काढून. तिनं कागद उलटा-सुलटा करून बघितला. "ह्यातले तुमी खालचे?"

"खालचा."

"बरं," ती म्हणाली आणि कागद घडी करून कोनाड्यात ठेवला.  मग पदरानं डोळे पुसून वळली आणि म्हणाली, "उद्या कुठं जायलाव? त्या हिशेबानं डबा करते, घट्ट का पातळ."

नवी यादी आली होती. या खेपेला चौदा नावं. पहिलं पाथरीकडचं, बाई, वय अडतीस, फोन बंद. सकाळी धुकं इतकं दाट होतं की गाडी दिवे लावून चालली होती. फाट्यावर तो एकटाच उतरला. विचारत विचारत, पांढऱ्या कापसामधल्या पायवाटेनं तो एका पत्र्याच्या घरापाशी आला. दार लोटलेलं. वलणीवर लुगडं वाळत घातलेलं, पण ते कोणाचं हे सांगता येत नव्हतं. त्यानं कडी वाजवली, दस्तीनं ओठ पुसला आणि फॉर्म काढून हातात धरला. आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग पावलं, सावकाश, दाराकडं येणारी.